दियाझला का जाऊ दिलं

कोल्हापूर

चि. सायली,

तुझं पत्र मिळालं. लिव्हरपूलने लुइस दियाझला बायर्न म्युनिकला विकलं, याचा राग तू दोन पानं भरून लिहिला आहेस आणि शेवटी विचारलं आहेस, "आबा, नुकतीच लीग जिंकलेला संघ आपला चांगला खेळाडू विकतोच कशाला?" प्रश्न रास्त आहे. तू अकरावीला वाणिज्य घेतलं आहेस, तेव्हा उत्तर हिशेबासकट देतो. राग सोडून दे असं मी म्हणणार नाही. ज्या दिवशी आवडता खेळाडू गेल्याचं कुणालाच काही वाटणार नाही, त्या दिवशी त्याला विकत घ्यायलाही कुणी येणार नाही.

आपण कोल्हापूरची माणसं. आपल्याला खेळाडू 'विकणं' हा शब्दच खटकतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा हे संघ समोरासमोर आले की पेठा दोन्ही बाजूंना उभ्या राहतात, आणि मैदानातल्या पोराला आपण पेठेचं पोर म्हणून ओळखतो. त्यामुळे युरोपातल्या या बाजारात नक्की काय विकलं जातं, ते आधी नीट बघ. तिथे माणूस विकला जात नाही. खेळाडूचा क्लबशी ठरावीक वर्षांचा करार असतो. तो संपायच्या आत दुसऱ्या क्लबला खेळाडू हवा असेल, तर पहिल्या क्लबने उरलेल्या वर्षांवरचा हक्क सोडावा यासाठी तो पैसे मोजतो. खेळाडूची संमती लागतेच. करार संपला की विकायला काही उरत नाही.

हे नेहमी असं नव्हतं. बेल्जियममध्ये ज्याँ-मार्क बोस्मान नावाचा खेळाडू होता, आरएफसी लिएज क्लबचा. १९९० मध्ये त्याचा करार संपला, तरी क्लब त्याला पैसे घेतल्याशिवाय फ्रान्समधल्या डंकर्कच्या संघाकडे जाऊ देईना. तो न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की युरोपीय संघातल्या देशांमध्ये करार संपलेला खेळाडू मोकळा आहे, त्याच्यासाठी जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत. बोस्मानची स्वतःची कारकीर्द त्या भांडणातच संपली. त्याच्यानंतरच्या प्रत्येक खेळाडूला मात्र त्याने एक हत्यार देऊन ठेवलं. आज कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू परदेशी क्लबशी उघडपणे बोलणी करू शकतो. म्हणून कुठल्याही खेळाडूच्या किमतीचा विचार करताना तू त्याचे गोल बघण्याआधी त्याच्या कराराची किती वर्षं उरली आहेत ते बघ.

आता दियाझचा हिशेब मांडू. जानेवारी २०२२ मध्ये लिव्हरपूलने त्याला पोर्तोकडून घेतलं. कामगिरीनुसार पुढे द्यायच्या वाढीव रकमा बाजूला ठेवल्या तर किंमत ३.७५ कोटी पौंड, करार साडेपाच वर्षांचा, म्हणजे जून २०२७ पर्यंतचा. क्लबच्या वह्यांमध्ये हे पैसे एकदम खर्ची पडत नाहीत, कराराच्या वर्षांवर समान वाटून टाकतात. तुमच्या पुस्तकात यंत्राचा घसारा असतो, त्याच पद्धतीने. जुलै २०२५ पर्यंत साडेतीन वर्षं गेली, दोन उरली. ३.७५ ला साडेपाचाने भागून दोनाने गुण. वहीत दियाझची किंमत उरली साधारण १.३६ कोटी. बायर्नने दिले सुमारे ६.५५ कोटी पौंड. फरक पाच कोटींच्या वर, आणि तो सगळा त्या वर्षाचा नफा. बायर्नची पहिली मागणी लिव्हरपूलने नाकारली होती हेही लक्षात ठेव, कारण त्या नकारातच किंमत वाढली.

दुसरी बाजू वयाची. दियाझ २८ वर्षांचा होता. त्याला ठेवायचं तर नवा करार द्यावा लागला असता, पगार वाढवून, आणि तो त्याला ३२-३३ वयापर्यंत घेऊन गेला असता. कडेने धावणाऱ्या खेळाडूचं सगळं भांडवल पहिल्या दहा पावलांच्या वेगात असतं, आणि वेग सगळ्यात आधी जातो. एक वर्ष थांबलं असतं तर वय २९ आणि करार एकच वर्षाचा. मग बायर्नने निम्मी किंमत सांगितली असती आणि लिव्हरपूलला वाद घालता आला नसता. शिवाय नुकताच संपलेला हंगाम त्याचा तिथला सगळ्यात चांगला होता, लीगमध्येच १३ गोल. वय, करार, फॉर्म आणि खरेदीदार, चारही गोष्टी जुळून येण्याचा महिना खेळाडूच्या आयुष्यात एकदाच येतो, आणि दियाझच्या बाबतीत तो जुलै २०२५ होता. वहीपुरतं बोलायचं तर हा सौदा चोख आहे.

वहीपुरतं असं मी मुद्दाम म्हणतो आहे. त्याकडे नंतर येतो.

वयाचा नियमही आंधळेपणाने लावता येत नाही. आर्सेनलचे तेव्हाचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांची तिशीच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूंबाबतची नजर फार तीक्ष्ण होती. पॅट्रिक व्हिएराला २००५ मध्ये युव्हेंटसला आणि थिएरी आँरीला २००७ मध्ये बार्सेलोनाला त्यांनी २९ व्या वर्षी जाऊ दिलं. दोघांनीही पुढे करंडक जिंकले, पण इंग्लंडमध्ये ते ज्या ताकदीने खेळले होते ती उंची दोघांना पुन्हा फारशी गाठता आली नाही. आता हेच वय मागच्या फळीतल्या खेळाडूला लावून बघ. २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडचे तेव्हाचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी याप स्टॅमला इटलीच्या लाझिओला विकलं, सुमारे १.६ कोटी पौंडांना. स्टॅमही २९ चाच होता. तो २००५ मध्ये एसी मिलानकडून चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत खेळला आणि २००७ पर्यंत मैदानात राहिला. ही आपली चूक होती असं फर्ग्युसन यांनी पुढे स्वतः सांगितलं. मध्य बचावपटू आणि गोलकीपर यांचा व्यवसाय मुख्यतः अंदाजाचा असतो, चेंडू कुठे येणार हे आधी कळण्याचा. ती समज तिशीनंतरही वाढत राहते. २९ वर्षांचा विंगर आणि २९ वर्षांचा बचावपटू हे बाजारात दोन वेगळ्या वयांचे खेळाडू असतात.

मी उमेदीची सगळी वर्षं शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिण्यात घालवली, हे तुला माहीत आहे. सौद्याला रवे मांडले जायचे, व्यापारी यायचे. ज्या शेतकऱ्याला त्याच आठवड्यात सोसायटीचा हप्ता भरायचा असे, त्याचा गूळ कितीही पिवळाधमक असला तरी त्याला भावासाठी थांबता येत नसे, आणि हे व्यापाऱ्याला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याची सोय असे, तो शांतपणे माल झाकून ठेवायचा. फुटबॉलच्या बाजाराकडे मी गेली बरीच वर्षं बघतो आहे, आणि माझं मत पक्कं झालं आहे ते हेच: खेळाडू विकायची योग्य वेळ म्हणजे क्लबला त्याला विकण्याची गरज नसते ती वेळ. वय, फॉर्म, करार यांचे सगळे हिशेब या एका गोष्टीच्या मागून येतात.

तुझ्याच क्लबचं याहून मोठं उदाहरण आहे, तू तेव्हा लहान होतीस. फिलिप कुटिन्यो. जानेवारी २०१३ मध्ये लिव्हरपूलने त्याला इंटर मिलानकडून अवघ्या ८५ लाख पौंडांना घेतलं. जानेवारी २०१७ मध्ये त्याच्याशी नवा पाच वर्षांचा करार केला, आणि त्यात अमुक रक्कम दिली की खेळाडू मोकळा, असं कलम ठेवलं नाही. किमतीचं सगळं रहस्य त्या कागदात आहे. त्या उन्हाळ्यात बार्सेलोनाने नेमारला गमावलं. नेमारच्या करारात २२.२ कोटी युरोंचं कलम होतं, पॅरिसच्या क्लबने ती रक्कम टाकली आणि त्याला घेऊन गेले. बार्सेलोनाकडे पैशांचा डोंगर आला, आणि तो आला आहे हे सगळ्या युरोपला माहीत होतं. त्यांनी डॉर्टमुंडच्या उस्मान डेम्बेलेसाठी १०.५ कोटी युरो मोजले, वर आणखी वाढीव रकमा. डॉर्टमुंडने त्याला वर्षभरापूर्वी सुमारे दीड कोटी युरोंत घेतलं होतं. मग बार्सेलोना कुटिन्योकडे वळले. कुटिन्योने स्वतः जाण्याची लेखी विनंती केली, तरी लिव्हरपूलने ऑगस्टमध्ये नाही म्हटलं. पाच महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, हो म्हटलं, तेव्हा आकडा १४.२ कोटी पौंडांपर्यंत जाणारा होता.

या पाच महिन्यांत लिव्हरपूलने काय केलं ते बघ. साउदॅम्प्टनच्या व्हर्जिल व्हॅन डाइकशी व्यवहार आधी पक्का केला, ७.५ कोटी पौंडांना, आणि तो २७ डिसेंबरला जाहीर केला. कुटिन्यो गेला त्यानंतर, ६ जानेवारीला. उलट क्रम असता तर खिशात चौदा कोटी असलेल्या माणसाला साउदॅम्प्टनने व्हॅन डाइकची किंमत काय सांगितली असती? पुढच्या उन्हाळ्यात गोलकीपर अ‍ॅलिसन आला, साडेसहा कोटींच्या वर. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलने बार्सेलोनाला ४-० ने हरवलं, त्या रात्री कुटिन्यो बार्सेलोनाच्या बाजूला होता. त्या वर्षी चषक आला आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग. माझ्या पाहण्यातला हा सगळ्यात उत्तम सौदा आहे. तू त्याचे आकडे पाठ करू नकोस, तारखांचा क्रम लक्षात ठेव.

याच्या शेजारी २०१३ चं टॉटनहॅम ठेव. गॅरेथ बेलला त्यांनी रेआल माद्रिदला तेव्हाच्या विक्रमी किमतीला विकलं आणि त्याच उन्हाळ्यात सात खेळाडू आणले. त्यातला ख्रिश्चन एरिक्सन खरोखर मोठा निघाला. बाकीच्यांपैकी बहुतेक जण बेलची जागा भरून काढण्याइतके नव्हते. विक्रीत काही चुकलं नव्हतं, त्यानंतरची घाई चुकली.

आता ब्रायटन. हा छोटा क्लब मला फार आवडतो. मालक टोनी ब्लूम मूळचा सट्ट्याच्या आकडेमोडीत मुरलेला माणूस, आणि क्लबची शिस्त त्याच्या डोक्यासारखीच. इक्वेडोरच्या मोइसेस कायसेदोला त्यांनी २०२१ मध्ये सुमारे ४५ लाख पौंडांना आणलं. जानेवारी २०२३ मध्ये आर्सेनलने मागणी घातली, ती वाढवत सात कोटींपर्यंत नेली. कायसेदोने जाहीरपणे सांगितलं, मला जायचं आहे. ब्रायटनने त्याला बाजार बंद होईपर्यंत घरी राहायला सांगितलं आणि सौदा नाकारला. मार्चमध्ये त्याच्याशी पगार वाढवून नवा करार केला. ऑगस्टमध्ये लिव्हरपूल आणि चेल्सी दोघेही दारात उभे होते. लिव्हरपूलशी ११ कोटींच्या वरचा आकडा ठरलाही, पण खेळाडूने चेल्सी निवडली आणि १० कोटी रोख, वाढीव धरून साडेअकरा कोटींपर्यंतचा व्यवहार झाला. मधल्या सहा महिन्यांत ब्रायटन लीगमध्ये सहावे आले होते आणि क्लबच्या इतिहासात प्रथमच युरोपीय स्पर्धेत पोचले होते. खेळही मिळाला, भावही मिळाला.

त्याच उन्हाळ्यात ब्रायटनचा अ‍ॅलेक्सिस मॅक अ‍ॅलिस्टर तुझ्या लिव्हरपूलला अवघ्या साडेतीन कोटींना मिळाला. तो नुकताच अर्जेंटिनाबरोबर विश्वचषक जिंकून आला होता, भाव चढलेला होता. पण त्याच्या करारात आधीच रक्कम लिहिलेली होती. तसं कलम एकदा लिहून दिलं की विकायची वेळ विकणाऱ्याच्या हातातून जाते. एर्लिंग हालांडच्या बाबतीत २०२२ मध्ये डॉर्टमुंडचं तेच झालं, सहा कोटी युरोंत मँचेस्टर सिटीला तो मिळाला. अर्थात कलम नाकारलं असतं तर हालांड डॉर्टमुंडला आलाच नसता. छोट्या क्लबला अशा खेळाडूची दोन-अडीच वर्षं त्या किमतीवर मिळतात, आणि कधी कधी ती घेणं शहाणपणाचं असतं.

विश्वचषकाचा विषय निघाला म्हणून बेनफिकाचं सांगतो. एन्झो फर्नांडेसला त्यांनी २०२२ च्या उन्हाळ्यात अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटकडून सुमारे एक कोटी युरोंना घेतलं. डिसेंबरमध्ये तो विश्वचषकाचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. ३१ जानेवारी २०२३ ला, बाजार बंद व्हायच्या दिवशी, चेल्सीने त्याच्यासाठी १२.१ कोटी युरो मोजले. पोर्तुगालची लीग त्या वर्षी बेनफिकानेच जिंकली.

मग थांबणं नेहमीच फायद्याचं का? तर नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्टची गोष्ट तू नीट वाच. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये क्लबने तीन वर्षांत ठरावीक रकमेपेक्षा जास्त तोटा करायचा नाही, असा नियम तेव्हा होता. फॉरेस्ट नुकतेच वरच्या लीगमध्ये आल्यामुळे त्यांची मर्यादा ६.१ कोटी पौंड होती, आणि हिशेबाचं वर्ष संपत होतं ३० जून २०२३ ला. ब्रेनन जॉन्सन हा त्यांच्याच अकादमीत लहानपणापासून वाढलेला पोरगा. त्याच्यासाठी मागणी ३० जूनच्या आधीही होती, पण कमी किमतीची. फॉरेस्ट थांबले आणि १ सप्टेंबरला त्याला टॉटनहॅमला ४.७५ कोटींना विकलं. एरवी कौतुक करावं असा संयम. पण तो पैसा पुढच्या वर्षाच्या वहीत पडला. मागच्या वर्षाचा तोटा मर्यादेच्या ३.४५ कोटी वर गेला आणि मार्च २०२४ मध्ये फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. आम्ही थांबलो म्हणून जास्त पैसे मिळाले, हा त्यांचा युक्तिवाद समितीने मान्य केला नाही. संघ कसाबसा वाचला. चार गुणांमुळे तो खाली गेला असता, तर ज्या जास्तीच्या रकमेसाठी थांबले तिच्या कितीतरी पट नुकसान झालं असतं.

या हिशेबातली एक गोष्ट मला मनापासून टोचते. बाहेरून आणलेल्या खेळाडूची वहीत काही किंमत शिल्लक असते, अकादमीत वाढलेल्या पोराची शून्य. म्हणून त्याला विकलं की सगळी रक्कम निव्वळ नफा. परिणाम असा की तोट्यात असलेला क्लब सगळ्यात आधी आपल्याच घरच्या पोराकडे बघतो. चेल्सीने मेसन माउंट आणि कॉनर गॅलघर या दोघांना असंच जाऊ दिलं, दोघेही सहा-आठ वर्षांचे असल्यापासून तिथे खेळत होते. जून २०२४ मध्ये तर ३० तारखेच्या आत काही क्लबांनी एकमेकांत तरुण पोरांची अदलाबदल करून दोन्हीकडच्या वह्या साजऱ्या केल्या. हे सौदे मैदानातल्या कुठल्याच गरजेतून आलेले नव्हते. गावातल्या पोराला घरच्या जर्सीत बघायचं म्हणून माणसं पिढ्यान् पिढ्या त्या स्टँडमध्ये बसतात. ज्या हिशेबामुळे तोच पोरगा आधी विकला जातो तो हिशेब बदलला पाहिजे, असं मला वाटतं, आणि तुझ्या वयाच्या मुलांनी ते मोठ्याने म्हणायला हवं.

उशीर केल्याची किंमत बघायची तर आर्सेनलचंच २०१७ साल पुरे. अ‍ॅलेक्सिस सांचेझ, मेसुट ओझिल, या दोघांचे करार संपत आले होते. सांचेझला मँचेस्टर सिटी त्या उन्हाळ्यात सहा कोटींपर्यंत द्यायला तयार होते. त्याच्या जागी कुणी मिळालं नाही म्हणून व्यवहार शेवटच्या दिवशी फिसकटला. जानेवारीत तो युनायटेडला गेला, बदल्यात मिखितार्यान, रोख काही नाही. ओझिलला गमावण्याच्या भीतीने क्लबने त्याला प्रचंड पगार देऊन थांबवलं आणि पुढे तोच पगार त्यांना जड झाला. पुढे आरन रॅमसीही २०१९ मध्ये करार संपल्यावर फुकट युव्हेंटसला गेला. पॅरिसचंही तसंच. ऑगस्ट २०२१ मध्ये किलियन एम्बाप्पेसाठी रेआल माद्रिद १६ कोटी युरोंच्या वर देत होते, पॅरिसने ते घेतले नाहीत. २०२४ मध्ये तो त्याच माद्रिदला गेला तेव्हा पॅरिसला एक पैसाही मिळाला नाही. आणि नवल बघ, तो गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, २०२५ मध्ये, पॅरिसने पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग जिंकली.

कुणाला विकतो आहोत हेही बघावं लागतं. २०१२ मध्ये आर्सेनलने रॉबिन व्हॅन पर्सीला मँचेस्टर युनायटेडला दिलं. वय २९, करार एक वर्षाचा, किंमत २.२ कोटींच्या वर. कागदावर चुकीचं काही नाही. त्याने युनायटेडसाठी लीगमध्ये २६ गोल केले आणि लीग त्यांच्या घरी नेली. तोच खेळाडू दुसऱ्या देशात दोन-चार लाख कमी घेऊन दिला असता तरी परवडलं असतं.

आणि सतत उत्तम विक्री करूनही क्लब खाली येऊ शकतो. साउदॅम्प्टनने २०१४ पासून दर उन्हाळ्यात आपले चांगले खेळाडू विकले, त्यातले कितीतरी तुझ्या लिव्हरपूललाच: लल्लाना, लोव्हरेन, क्लाइन, मानेसुद्धा. तरी लीगमध्ये ते सातवे, मग सहावे आले. सगळे त्यांच्याकडून शिकायचं म्हणत होते. विकलेल्याच्या जागी आणलेला खेळाडू प्रत्येक वेळी बरोबर निघाला तोपर्यंत हे चाललं. पुढे एक-दोन निवडी चुकल्या. २०१८ मध्ये सतरावे, २०२३ मध्ये लीगच्या बाहेर.

आता पुन्हा दियाझ. वहीपुरतं असं मी का म्हटलं ते सांगतो. ३ जुलै २०२५ ला लिव्हरपूलचा दिओगो जोटा आणि त्याचा भाऊ स्पेनमध्ये मोटार अपघातात गेले. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नॉल्ड करार संपत आल्याने आधीच माद्रिदला गेला होता, आणि लिव्हरपूलच्या हाती आले ते फक्त त्याला एक महिना लवकर सोडण्याचे सुमारे एक कोटी युरो. संघ शोकात होता. पुढच्या फळीतला एक सोबती कायमचा गेला होता आणि त्याच महिन्यात दियाझचा सौदा पूर्ण झाला. व्हर्ट्झ, एकिटिके, पुढे विक्रमी १२.५ कोटींना इसाक, असे मोठे खेळाडू आले, पण सगळेच नवे. त्या शरद ऋतूत लिव्हरपूल एकामागून एक सामने हरत गेलं आणि दियाझ म्युनिकमध्ये गोल करत होता. माझं मत विचारशील तर जूनमध्ये जो हिशेब बरोबर होता तो जुलैत तसाच राहिला नव्हता. पाच कोटींच्या नफ्यातला निम्मा सोडून त्याला आणखी एक वर्ष ठेवायला हवं होतं. जखमी घरात जुनी, ओळखीची माणसं लागतात. दियाझ स्वतः जायला उत्सुक होता, हे खरं. पण कुटिन्योही होता, आणि त्याला पाच महिने थांबवलं होतंच.

तुझ्या पत्रात आणखी एक प्रश्न होता, अगदी तळाशी: मग २०२३ मध्ये सालाहला का नाही विकलं? तेव्हा सौदी अरेबियाच्या अल-इत्तिहादने त्याच्यासाठी १५ कोटी पौंडांपर्यंतचा आकडा सांगितला होता. सालाह ३१ वर्षांचा, करार दोन वर्षांचा. दियाझला लावलेली सगळी गणितं लावली तर विकायलाच हवं होतं. पण मागणी आली १ सप्टेंबरच्या सुमाराला. इंग्लंडचा बाजार त्याच दिवशी बंद होत होता, सौदीचा त्यानंतर आठवड्याने. पंधरा कोटी हातात आणि जानेवारीपर्यंत त्यातून एकही खेळाडू विकत घेता येणार नाही, असे ते पैसे होते. लिव्हरपूलने नाही म्हटलं. त्या वर्षी लीग मिळाली नाही. पुढच्या वर्षी, कराराच्या शेवटच्या हंगामात, सालाहने २९ गोल केले, १८ गोलांना पास दिले आणि लीग आली. त्या हंगामात कराराच्या टोकावर तिघे होते. ट्रेंट गेला. सालाह आणि व्हॅन डाइक यांनी एप्रिलमध्ये नव्या करारावर सह्या केल्या. दियाझच्या वेळी वापरलेली पट्टी सालाहला लावली नाही म्हणून क्लबवर दुटप्पीपणाचा ठपका ठेवू नकोस. सालाहसारखं दुसरं कुणी त्या दिवशी कुठल्याही किमतीला मिळत नव्हतं.

दिवाळीत येशील तेव्हा तुझी वही घेऊन ये. तुझ्या संघातल्या प्रत्येकाचं वय, करार कधी संपतो आणि वहीतली उरलेली किंमत, एवढे तीन रकाने आखून आण. जानेवारीत कुणाचं काय करावं ते दोघं बसून ठरवू. आईला नमस्कार सांग.

तुझा,
आबा